हा विचार देवगडला पिकतो: चांगलं शोधसूत्र कसं ओळखावं

दिवेलागण झाली की आजी पडवीत बसून आम्हाला हुमाणं घालायची. ‘कोडं’ हा शब्द शाळेतला, घरात हुमाणच. त्यातलं एक नारळाचं होतं. मूळ संस्कृत श्लोकातलं, पण आजी आपल्या बोलीत सांगे: झाडाच्या शेंड्यावर राहतो पण पक्षी नाही, तीन डोळे आहेत पण शंकर नाही, सालीची वस्त्रं नेसतो पण जोगी नाही, पोटात पाणी आहे पण घडाही नाही आणि ढगही नाही. उत्तर कळल्यावर आम्ही सोललेला नारळ हातात घेऊन डोळे मोजायचो. बरोबर तीन भरायचे. त्या हुमाणातली एकेक ओळ तपासली की खरी निघे, आणि मला सगळ्यात आवडे ते हेच.

पुढे इंग्रजी दैनिकांतल्या गूढ शब्दकोड्यांची ओढ लागली आणि त्यानंतर मराठीत तशी शोधसूत्रं, म्हणजे उत्तराकडे नेणारी सूचक वाक्यं, रचण्याची. हुमाण वस्तूचं वर्णन करतं. गूढ शोधसूत्र वस्तूचं वर्णन करतं आणि त्याच दमात शब्दाचंही करतं, म्हणजे त्यातली अक्षरं कुठून आली आणि कशी जुळली हेही सांगतं. आपल्या बहुतेक दैनिकांतल्या शब्दकोड्यांत ‘समुद्र’ दिलं की ‘सागर’ लिहायचं असतं. तिथे एकच वाट असते. गूढ कोड्यात एकाच शब्दाकडे जाणाऱ्या दोन वाटा एका वाक्यात लपवलेल्या असतात.

उदाहरण घेऊ.

सीमा सागराची, तिच्या आत पोहतो (२)

कंसातला आकडा म्हणजे उत्तराची अक्षरं. पहिल्यांदा वाचताना डोळ्यांसमोर क्षितिज येतं, कुणीतरी पोहणारा येतो. आता ते चित्र पुसा आणि नुसती अक्षरं बघा: सी, मा, सा, ग, रा, ची. ‘तिच्या आत’ म्हणजे या अक्षरांच्या आत. तिथे ‘मासा’ बसलेला आहे. उरलेला ‘पोहतो’ हा शब्द उत्तराचा अर्थ सांगतो. वाक्य संपलं, एकही शब्द शिल्लक नाही.

या दोन वाटांना मी ‘अर्थ’ आणि ‘खेळ’ म्हणतो. अर्थ नेहमी वाक्याच्या एका टोकाला असतो, सुरुवातीला किंवा शेवटाला. उरलेला भाग खेळाचा. खेळात काय करायचं हे सांगणारा एक शब्द असतो, इथे ‘आत’. त्याला इशारा म्हणू. आणि सोडवण्याआधी जे वाक्य आपण सरळ वाचतो, क्षितिजाचं चित्र दाखवतं ते, त्याला दर्शनी अर्थ म्हणू. एवढे चार शब्द पुढच्या सगळ्या चर्चेला पुरतात.

शब्दकोडं जन्मलं न्यूयॉर्कमध्ये. आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’च्या रविवारच्या पुरवणीत पहिलं छापलं. ते सरळ अर्थाचं होतं. त्याला गूढ वळण दिलं इंग्लंडने. ‘ऑब्झर्व्हर’ या साप्ताहिकात १९२६ पासून ‘टॉर्केमाडा’ या टोपणनावाने कोडी येऊ लागली. ती फार अवघड असत आणि रचणारा स्वतःला कसलेच नियम घालून घेत नसे. १९३९ मध्ये त्या जागी ‘झिमेनीज’ आले, म्हणजे शाळेत ग्रीक-लॅटिन शिकवणारे डी. एस. मॅकनट, आणि १९७२ पासून ‘एझेड’, म्हणजे जोनाथन क्राउदर. टॉर्केमाडा आणि झिमेनीज ही स्पेनमधल्या धर्मन्यायसभेच्या, म्हणजे पाखंडाचा संशय घेऊन लोकांचा छळ करणाऱ्या ‘इन्क्विझिशन’च्या, मुख्य अधिकाऱ्यांची नावं. तिसरा अधिकारी देझा. इंग्रजीत त्याचं नाव उलटं लिहिलं की ‘एझेड’ होतं. छळ करणाऱ्यांची नावं घेऊन यातले पुढचे दोघे न्यायाचे नियम लिहीत बसले, आणि मनापासून लिहीत बसले.

त्या नियमांतले दोन मला पुरेसे वाटतात. पहिला ‘अफ्रिट’ या नावाने कोडी रचणाऱ्या ए. एफ. रिची यांचा, १९४९ चा. त्याचा आशय असा: तू जे बोलतोस तेच तुझ्या मनात असलं पाहिजे असं नाही, पण तुझ्या मनात जे आहे ते तू बोललंच पाहिजेस. दुसरा एझेड यांचा. चांगल्या शोधसूत्रात तीन गोष्टी असतात: नेमका अर्थ, न्याय्य खेळ, आणि याखेरीज काहीही नाही. तिसरी अट वाचायला सगळ्यात सोपी आणि पाळायला सगळ्यात कठीण आहे. ते पुढे दिसेलच.

हे सगळं परक्या मुलखातलं वाटत असेल तर शाळेतला श्लेष अलंकार आठवा. आजारी दमयंती आईला म्हणते, ‘औषध नलगे मजला’. आईला ऐकू येतं, औषध न लगे, म्हणजे नको. मुलगी म्हणते आहे, औषध नल गे, म्हणजे माझं औषध नल आहे गं आई. आपल्या काव्यशास्त्राने याला सभंग श्लेष असं नावही देऊन ठेवलं आहे, शब्द फोडून दुसरा अर्थ काढायचा तो. न फोडता दोन अर्थ निघाले तर अभंग श्लेष. गूढ शब्दकोड्याचा निम्मा संसार या दोन शब्दांत मावतो. दमयंतीचं वाक्य अफ्रिटच्या कसोटीलाही पूर्ण उतरतं: आईची समजूत चुकली, पण मुलीने एक अक्षरही खोटं उच्चारलं नाही.

अभंग श्लेषाचं एक शोधसूत्र आमच्याकडे फार गाजलं. आमच्याकडे म्हणजे गावच्या वाचनालयाच्या पडवीत, जिथे आम्ही आठ-दहा जण महिन्यातून एकदा जमतो. महिन्याला एक शब्द ठरतो, प्रत्येकजण त्यावर शोधसूत्र रचून बिननावाची चिठ्ठी टाकतो, आणि निवाडा करायची पाळी फिरती असते. शब्द होता ‘कलम’. चिठ्ठी आली:

पोलीसही लावतात, बागायतदारही (३)

वाचताच सगळ्यांनी दाद दिली. एकच क्रियापद, दोन व्यवसाय, दोन अगदी वेगळी कलमं. त्या महिन्याचा निवाडा माझ्याकडे होता आणि मी ती चिठ्ठी पहिली लावायच्या बेतात होतो. तेवढ्यात आंब्याची बाग असलेले एक काका म्हणाले, “सापळा.” सगळे गप्प झाले. पोलीस सापळा लावतात. बागायतदार फळमाशीसाठी बागेत सापळे लावतात. अक्षरंही तीनच. शोधसूत्राची दोन उत्तरं निघत होती आणि दोन्ही तितकीच बरोबर होती. आडव्या-उभ्या शब्दांच्या आधाराने कोड्यात हे खपून जाईल, पण एकटं उभं राहिलं की ते लंगडतं.

रचणाऱ्या बाईंनी तिथल्या तिथे दुरुस्ती केली: ‘पोलीस लावतात ते, बागायतदारही लावतो ते (३)’. सापळा पुल्लिंगी, त्याला ‘तो’ लागला असता. ‘ते’ म्हटल्याबरोबर सापळा बाद झाला आणि कलम राहिलं. पूर्वीचा झटका थोडा गेला हे खरं, पण नेमकेपणा आला. नेमका अर्थ म्हणजे काय हे मला त्या संध्याकाळी नीट कळलं. मराठीत नेमकेपणा लिंग-वचनातूनही येतो, आणि इंग्रजी नियमावल्यांत याबद्दल काही सापडणार नाही, कारण त्या भाषेत निर्जीव वस्तूंना लिंग नाही.

आता सभंगाकडे. शब्द फोडायचा असेल तर कुठे फोडावा? ‘देवगड’ देव आणि गड असा फोडला तर शोधसूत्र फसलंच म्हणून समजा. नाव मुळात तसंच जोडलेलं आहे. जोड उकलून दाखवण्यात खेळ नाही. ‘मालवण’ जास्त गमतीचं आहे. मा म्हणजे लक्ष्मी, लवण म्हणजे मीठ. पण मालवणचं नाव ‘महालवण’वरून आलं असं सांगतात, मग पुन्हा आपण जुन्याच सांध्यावर सुरी चालवली. तोच शब्द ‘माल’ आणि ‘वण’ असा कापून बघा. वण म्हणजे भरलेल्या जखमेची खूण. ‘सामानापाठोपाठ जुन्या जखमेची खूण: सिंधुदुर्गासमोरचं गाव (४)’. इथे मिठाचा मागमूस राहिला नाही, शब्द भलत्याच जागी उघडला आणि तरीही प्रत्येक तुकडा अस्सल मराठी शब्द आहे. गुहागरचंही तसंच. ‘गुहा’ला ‘गर’ जोडला की गाव होतं, आणि फणसाच्या गराचा गुहेशी काही संबंध नसल्यामुळेच जोड चपखल बसतो.

एकात एक घालण्याच्या प्रकारात मला सगळ्यात आवडलेलं शोधसूत्र ‘सुपारी’चं. पहिली चिठ्ठी अशी होती: ‘सुरीत अर्धा पाय अडकला, पानात हवी (३)’. खेळ चोख आहे. अर्धा पाय म्हणजे ‘पा’, तो सु-री यांच्या मध्ये. अर्थही ठीक. पण वाक्य म्हणून ते काय सांगतं? पाय सुरीत अडकतो आणि मग पानात काहीतरी हवं होतं. असं कुणी कधी बोललेलं नाही. दुसरी चिठ्ठी बघा:

मारेकरी घेतो ती सुरी, आत अर्धा पाय (३)

खेळ तोच, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. पण ‘मारेकरी घेतो ती’ इथे अर्थ संपतो आणि ‘सुरी’पासून खेळ सुरू होतो, आणि वाचणाऱ्याला तो सांधा दिसत नाही, कारण ‘ती सुरी’ हे शब्द एकमेकांना घट्ट चिकटून बसलेत. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीकडे मन जातच नाही, थेट रहस्यकथेत जातं. दर्शनी अर्थाचं काम हेच असतं. वाक्य स्वतःच्या पायांवर उभं राहावं, सहज बोलल्यासारखं वाटावं, आणि अर्थ व खेळ यांच्यामधली शिवण नेमकी अशा ठिकाणी यावी जिथे वाचणारा कापायचा विचारच करणार नाही.

दर्शनी अर्थ खराही असावा असं माझं मत आहे. त्यावर आमच्यात एकमत नाही. ‘काजू’साठी एकाने लिहिलं होतं, ‘एका जूनमध्ये बोंडाखाली लोंबतो (२)’. ‘एका जून’ यात काजू आहे, झाडावर तो बोंडाखाली लोंबतो हेही अचूक. निवाडा करणाऱ्या आजोबांनी चिठ्ठी बाजूला ठेवली. “जून म्हयन्यात काजू खंय गावतत?” त्यांचं बरोबर होतं. काजूचा हंगाम उन्हाळ्यातला, जूनमध्ये पाऊस पडला की संपला. आम्ही ‘जून’चा दुसरा अर्थ, म्हणजे जरठ, वापरून वाक्य फिरवायचा प्रयत्न केला. पण मग झाड किंवा फांदी असा एक शब्द जास्तीचा येत होता, ज्याला खेळात काही काम नव्हतं. शहरातल्या वाचकाला ही खोट जाणवणारही नाही. कोकणातल्या माणसाला मात्र ती पहिल्या वाचनातच खुपते, आणि खुपली की फसवणूक संपते.

अक्षरं विस्कटून नवा शब्द करायचा प्रकार इंग्रजीत सर्वात लोकप्रिय आहे. मराठीत तो रचताना पहिल्याच पायरीला प्रश्न येतो: अक्षर म्हणजे काय? ‘नवरा’ विस्कटून ‘वानर’ होतो का? कानडोळा केला तर होतो. न, व, र तेच आहेत आणि काना एकच आहे. पण आपल्या शब्दकोड्यात एका घरात एक अख्खं अक्षर बसतं, मात्रेसकट, वेलांटीसकट. नवरा म्हणजे न, व, रा. वानर म्हणजे वा, न, र. काना एका अक्षरावरून उचलून दुसऱ्यावर ठेवला, आणि तसं कुठे सांगितलं नाही. ‘होडी’ आणि ‘डोही’ यांचंही हेच. मला हे दोन्ही अमान्य आहेत. एकदा मात्रा सुट्या केल्या की सोडवणाऱ्याला धरायला काही राहत नाही. अनुस्वाराचंही मी सोडत नाही: ‘सां’मधून ‘सा’ काढता येत नाही. ऱ्हस्व-दीर्घात काही जण सवलत देतात. मी तीही देत नाही, कारण ‘दिन’ आणि ‘दीन’ हे दोन वेगळे शब्द आहेत आणि त्यांच्या फरकावर एक वेगळंच शोधसूत्र रचता येतं.

नियम कडक ठेवले तरी मराठी हात आखडता घेत नाही. दगड आणि गडद बघा. ‘फुटलेला दगड, रंगानं दाट (३)’. अक्षरं अख्खी, इशारा योग्य: फुटणं म्हणजे तुकडे इतस्ततः होणं. ‘पांढरा दगड’ म्हटलं असतं तर इशाराच नाही, पांढऱ्या रंगाने काही विस्कटत नाही. आणि ‘फुटलेला जांभा’ म्हटलं असतं तर तो अन्याय. आधी जांभा म्हणजे दगड हे ताडायचं, मग न दिसणारा दगड मनातल्या मनात फोडायचा. विस्कटायची अक्षरं डोळ्यांसमोर असलीच पाहिजेत.

उलट वाचायच्या प्रकारात फार बोलण्यासारखं नाही. ‘वारा फिरला नि पोपट दिसला (२)’, उत्तर रावा. किनाऱ्यावर मतलई आणि खारे वारे रोज फिरतात, म्हणून वाक्य नैसर्गिक वाटतं. ‘नि’ आणि ‘दिसला’ हे जोडणारे शब्द आहेत, खेळातून अर्थाकडे नेणारे, तेवढे चालतात.

मराठीत रचणाऱ्याची खरी दमछाक विभक्ती करते. इंग्रजीत शब्द जागच्या जागी राहतो, त्याच्या आधी छोटासा शब्द येतो. आपला शब्द प्रत्यय लागताच आतून बदलतो. वारा, पण वाऱ्याचा. मासा, पण माशाला. दर्शनी वाक्य सुरळीत व्हावं म्हणून ‘दगडाला फोडलं’ लिहायचा मोह होतो, पण तिथे ‘दगड’ ही अक्षरं आता द, ग, डा अशी आहेत. मग वाक्य असं फिरवावं लागतं की हवा तो शब्द प्रत्ययाविना येईल, किंवा बदललेलं रूपच उपयोगी पडेल. वर ‘सीमा सागराची’मध्ये प्रत्यय आहे, पण तो मासा संपल्यानंतर येतो, म्हणून निभावलं. असं निभावतं तेव्हा फार बरं वाटतं.

आता ‘हापूस’. एप्रिलमध्ये तोच शब्द होता आणि बऱ्याच चिठ्ठ्या आल्या. निवाडा कसा होतो ते यावर नीट दिसेल.

‘फळांचा राजा (३)’. हा नुसता अर्थ आहे, खेळ नाही. ‘पोर्तुगीज गव्हर्नराच्या नावाचा आंबा (३)’. आफोंसो द आल्बुकर्क यांच्या नावावरून आफूस, त्यावरून हापूस. माहिती खरी, पण ही परीक्षा इतिहासाची झाली. दोन्ही चिठ्ठ्या बाजूला ठेवल्या.

‘हा पूस, मग खा (३)’. वाक्य गोड आहे, घरोघर म्हटलं जाणारं. पण उत्तर मध्ये जागा सोडून जसंच्या तसं लिहिलंय, आणि ‘मग खा’ हा कशाचाच अर्थ होत नाही.

‘याला विचार की मग गोड गोड आंबा मिळेल (३)’. यात पुढच्या चांगल्या सूत्राचं बीज आहे. पुसणे म्हणजे विचारणे, आज्ञार्थी रूप ‘पूस’ बरोबर ‘विचार’. पण ‘याला’ म्हणजे ‘हा’ नव्हे, तिथे विभक्तीने घात केला. ‘गोड गोड’ कशासाठी? ‘मिळेल’ कशासाठी? एझेड यांची तिसरी अट इथे मोडते. सोडवणारा प्रत्येक शब्दाला प्रामाणिकपणे हात लावून बघतो. ज्या शब्दात काही नाही तिथे त्याचा वेळ गेला तर तो रचणाऱ्याचा दोष.

मग ही आली: ‘हाय! पूर्ण सडला सुरुवातीचा आंबा (३)’. मी खुर्चीतून उठलोच. बागायतदाराचा खराखुरा उसासा, मोसमाच्या आरंभीचं फळ हातचं गेल्याचा. आणि हाय, पूर्ण, सडला यांची पहिली अक्षरं हा, पू, स. फक्त ‘सुरुवातीचा’ हा इशारा अडतो. खेळाच्या वाचनात त्याने अक्षरांबद्दल बोलायला हवं, पण तो पुल्लिंगी आहे, आंब्याला जोडलेला आहे. कच्चा माल त्याच्या डावीकडे आणि त्याचं नातं उजवीकडे. बराच वाद झाला. कुणीतरी सुचवलं की ‘सुरुवातीचा’ ऐवजी ‘सुरुवातीला’ करा: ‘हाय! पूर्ण सडला सुरुवातीला आंबा (३)’. ‘सुरुवातीला’ला लिंग नाही. त्या तीन शब्दांच्या सुरुवातीला बघा, असं ते निर्मळपणे सांगतं, आणि दर्शनी अर्थही शाबूत. एका अक्षराने व्याकरण सरळ झालं. पण चिठ्ठीत ‘चा’ होता, ‘ला’ नव्हता, म्हणून तिला दुसरा क्रमांक.

पहिली आलेली चिठ्ठी:

हा विचार देवगडला पिकतो (३)

मी ती तीनदा वाचली. आधी वाटतं, कुणीतरी देवगडच्या बुद्धिवंतांचं कौतुक करतंय. ‘विचार पिकतो’ हेही मराठीत शोभतं. मग ‘विचार’ हे नाम नसून आज्ञा आहे असं लक्षात येतं आणि सगळं वाक्य कूस बदलतं. हा, मग विचार म्हणजे पूस. आणि तो देवगडला पिकतो. चार शब्द, चारही कामाला लागलेले.

दोष नाहीत असं नाही. ‘हा’ जसाच्या तसा दिलाय, तीन अक्षरांतलं एक फुकट. हापूस रत्नागिरीलाही पिकतो, तेव्हा अर्थ थोडा अपुरा, अशी एका रत्नागिरीकराची तक्रार आली. ती मी मान्य केली नाही. अर्थाने उत्तराबद्दल खरं बोलावं, सगळंच बोलावं असं नाही. आणि क्रियापदाने संपणारं वाक्य नामाचा अर्थ देऊ शकतं का? इंग्रजी निवाडेकार कदाचित नाक मुरडतील. मराठीत ‘देवगडला पिकतो’ म्हटलं की न लिहिलेला ‘तो’ आपण आपोआप धरतो, हुमाणात नेहमीच धरत आलो. ‘झाडाच्या शेंड्यावर राहतो’ म्हणताना आजीने नारळाचं नाव कुठे घेतलं होतं?

सगळ्यात दुर्मिळ प्रकार म्हणजे जिथे अर्थ आणि खेळ असे दोन तुकडे पाडताच येत नाहीत. अख्खं वाक्यच खेळ आणि अख्खं वाक्यच अर्थ. इंग्रजीत त्याला ‘अँड लिट’ म्हणतात. मराठीत मी जपून ठेवलेलं एक आहे:

वाऱ्याचं तोंड, मागे सैन्य (३)

वाऱ्याचं तोंड ‘वा’, मागे सैन्य म्हणजे ‘दळ’. आणि पूर्ण वाक्य म्हणजे वादळच. कुणी म्हणेल हे वर्णन काव्यमय आहे, नेमकं नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा ज्यांनी श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-सुपारीच्या बागा आडव्या होताना पाहिल्या, त्यांना विचारा. पुढे एक झोत येतो आणि त्याच्या मागून जे येतं त्याला दुसरा शब्द नाही.

एका बाबतीत माझं मत अजून ठरलेलं नाही. शब्द आहे ‘बखर’ आणि शोधसूत्र ‘इतिहासाची उलटसुलट खबर (३)’. ‘खबर’ ही अक्षरं उलटसुलट केली की बखर होते, आणि बखर म्हणजे इतिहासाची अशीच, पुष्कळदा तारखा-घटना इकडच्या तिकडे झालेली हकिगत. वाक्य एकसंध आहे, अर्थ झोंबणारा आहे. पण बखर हा शब्दच खबर या शब्दातली अक्षरं बदलून आला असं बरेच अभ्यासक मानतात. म्हणजे देवगडला देव आणि गड असं फोडण्याचाच हा गुन्हा. ज्या नियमाने मी मालवणच्या मिठाला नापास केलं त्याच नियमाने हेही नापास व्हायला हवं. तरी हात धजत नाही. देवगडचा जोड सगळ्यांना दिसतो. खबर आणि बखर यांचं नातं हजारदा उच्चारूनही आपल्याला दिसलेलं नसतं, आणि शोधसूत्र ते दाखवून देतं. कदाचित नियम असा असावा की उघड दिसणारा सांधा कापू नये. झाकलेला असेल तर हरकत नसावी. पुढच्या बैठकीत हा विषय निघेल तेव्हा काका मला सोडणार नाहीत.

अवघड शोधसूत्र म्हणजे चांगलं, असा एक समज नव्या माणसांत दिसतो. आडवळणी शब्द आणि कोशातच सापडणारे अर्थ भरले की कुणालाही कुठलंही सूत्र अवघड करता येतं. मी दुसरी परीक्षा लावतो. उत्तर सांगून टाकायचं आणि समोरच्याचा चेहरा बघायचा. तो “हो का? असेल” म्हणाला तर सूत्र वाईट. तो पुन्हा वाक्याकडे गेला, बोट ठेवून एकेक शब्द तपासू लागला आणि हसला, तर चांगलं, मग ते त्याला सुटलेलं असो वा नसो. नारळाचे डोळे मोजायचो तेव्हा आमचंही तेच होई.

गेल्या महिन्यात सहावीतली एक मुलगी आईबरोबर आली होती. तिने टाकलेल्या चिठ्ठीवर आम्ही मोठी माणसं दहा मिनिटं अडलो, आणि शेवटी तिलाच सांगावं लागलं. तुमच्यासाठी उत्तर न देता ठेवतो:

कवितेतला पाऊस रत्नागिरीच्या दक्षिणेला (३)